मदत हवी आहे: डबल बॅकनंतर पाय रेषेबाहेर जातोय

सोलापुरात जिम्नॅस्टिक्समधला फ्लोअर (जमिनीवरच्या चौकोनी मॅटवरचा प्रकार) शिकवणारं कोणी आहे का इथे? 14 वर्षांचा मुलगा आहे. राउंड-ऑफ (धावत येऊन हातांवरून वळणारी उडी), फ्लिक (मागे हातांवरून उलटी), मग टक डबल बॅक, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन हवेत मागे दोन कोलांट्या. फिरकी पूर्ण होते, उलट जास्तच. टाचांवर उतरतो आणि मागे मोठं पाऊल पडतं, कोपऱ्याच्या रेषेपलीकडे. पावलाचे 0.3 गुण कापले जातात, शिवाय एक पाय बाहेर म्हणून 0.1.

माझ्या मते हात कानाशी पोचायच्या आधीच डोकं मागे जातं, त्यामुळे उडी वर न जाता लांब जाते. सराव सरळ पट्टीवर होतो. स्पर्धेच्या 12 बाय 12 मीटर फ्लोअरचा कर्ण, सुमारे 17 मीटर, मिळतच नाही.

डोकं थांबवायला उंच गाद्यांवर नुसता सेट (हात वर नेत सरळ वर उडी) करून घ्यावा का? धावेची पावलं कशी मोजून घ्यायची?