मदत हवी आहे: जुन्या टाटा 407 ट्रकची शॅकल पिन निघत नाहीये

मंडळी, घरचा 2003 चा 407 आहे, ऊस नि खत वाहून पार खिळखिळा झालाय. ड्रायव्हर साइडला पुढून खड्ड्यात खट्ट खट्ट आवाज यायचा म्हणून चाक काढून बघितलं तर शॅकलचा (स्प्रिंगचे पाटे चासीला जोडणारी झुलती कडी) बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, एका बाजूने कागदासारखा पातळ झालेला आणि मेन पाट्याच्या खालच्या पाट्याला सेंटर बोल्टजवळ बारीक चीर. नवीन पाटा, बुश, पिन सगळं आणलंय, चासी लाकडी ठोकळ्यांवर घेतलीये (नुसत्या जॅकवर नाही, आधीच सांगतो, शिव्या नकोत), पण जुनी पिन काही हलेना. ग्रीसचं निपल कधीचं चोंदलंय, कुणी ग्रीस मारलंच नव्हतं बहुतेक. दोन दिवस डिझेल सोडून घण मारला, पिनचं डोकं चपटं झालं फक्त. गॅसने तापवू का? शेजारून ब्रेकचा होज जातो त्याची भीती वाटते.

अजून एक, यू बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे) जुनेच वापरले तर चालतील का, आटे बरे दिसतायत. आणि ते शेवटचे आवळायचे ते गाडी चाकावर उतरवून ना? एका बाजूलाच नवा पाटा टाकला तर गाडी तिरकी बसेल का, तेही सांगा, सोमवारी गाडी लागणारे.