वगारीला सरकी पेंड घालू का?

गेवराईहून: म्हशीला सरकी पेंड घालतो, दूध चांगलं येतं. दोन महिन्यांच्या वगारीलाही घालू? सरकीत अँटिऑक्सिडंट असतात म्हणे.

परभणीहून, जीवरसायन शिकवते: नका घालू भाऊ! सरकीतलं ते अँटिऑक्सिडंट म्हणजे गॉसिपॉल, कपाशीनं किडींविरुद्ध बनवलेलं फिनॉलिक संयुग. परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट खरंच, पण पेशीत मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांचं, काम बिघडवतं. वासरांचं हृदय निकामी होऊ शकतं. म्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, ते प्रथिनांना चिकटून बरंचसं निष्प्रभ होतं. वगारीचं कोठीपोट अजून कच्चंच. अँटिऑक्सिडंट म्हणजे पौष्टिकच, हे मला मुळीच पटत नाही.

गेवराईहून: मग भुईमुगाची पेंड?

जालन्याहून: चालेल दादा, थोडी थोडी. बुरशी लागलेली मात्र अजिबात नको, तिच्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, असू शकतं.