मुलींची नावं: यादीतला अर्थ आणि कोशातला अर्थ

तिठा

बारशाच्या वेळी फिरणाऱ्या नावांच्या याद्यांमध्ये इरा, कियारा, मायरा, अनाया, रिया, तनिष्का या सगळ्यांपुढे 'संस्कृत' असा शिक्का असतो. अर्थाच्या रकान्यात देवी, किरण, सुंदर किंवा अद्वितीय यांपैकी काहीतरी दिलेलं असतं. यातली खरोखर संस्कृत किती? आणि एखाद्या नावाचा अर्थ पडताळायचा तर सुरुवात कुठून करावी?

कोशकीटक

या सहांतलं संस्कृत कोशात सरळ सापडणारं नाव एकच, इरा. अर्थ: पिण्याजोगं द्रव, अन्न, ज्याने तरतरी येते ते. त्यावरून इरावती, म्हणजे पाण्याने भरलेली. पंजाबातल्या रावीचं जुनं नाव हेच आणि ब्रह्मदेशातल्या मोठ्या नदीचंही हेच. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि त्यांचं नाव त्या नदीवरूनच ठेवलं गेलं.

आता हीच दोन अक्षरं इतर भाषांत पाहा. लॅटिनमध्ये 'इरा' म्हणजे राग. हिब्रूत ते पुरुषाचं नाव आहे. रशियात ते इरीना या नावाचं घरगुती रूप, आणि इरीना आलं ग्रीकमधल्या 'शांती' या अर्थाच्या शब्दावरून. पाणी, राग आणि शांती. यांचं आपसात काही नातं नाही, नुसता उच्चार जुळलाय. याद्या करणारे नेमके इथे घसरतात: एका भाषेतला उच्चार घ्यायचा, दुसरीतला अर्थ चिकटवायचा.

कियारा इटालियन आहे. मूळ लॅटिन 'क्लारुस', म्हणजे स्वच्छ, उजळ. क्लारा, क्लेअर या तिच्याच बहिणी. पण आयर्लंडमध्ये रोमन लिपीत जवळजवळ तशीच दिसणारी एक 'कीरा' आहे, तिचं मूळ 'काळा, सावळा' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे रोमन लिपीतून नाव उचललं की उजळ आणि सावळी एकाच ओळीत बसतात. याद्यांत कियाराचे अर्थ परस्परविरोधी दिसतात ते यामुळे.

मायरा हे तर घडवलेलं नाव. फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या इंग्रज कवीने ते आपल्या प्रेमकवितांसाठी वापरात आणलं. राजस्थानात मात्र 'मायरा' ऐकल्यावर कवी कोणाला आठवणार! तिथे मायरा म्हणजे बहिणीच्या मुलांच्या लग्नात भावाने न्यायचा आहेर.

अनायाच्या मागे बहुतेक वेळा अरबी 'इनाया' असतं: काळजी, कृपादृष्टी. उर्दूतली इनायत तीच. बायबलमध्ये अनाया नावाचा पुरुष आहे, त्याच्या नावाचा हिब्रू अर्थ 'देवाने उत्तर दिलं'. आणि बास्क भाषेत 'अनाया' म्हणजे चक्क भाऊ.

रियाचा 'गाणारी' हा अर्थ कुठून आला कळत नाही, संस्कृतात त्या अर्थाचा असा शब्द नाही. युरोपात रिया हे मारियाचं शेपूट आहे. अरबी-उर्दूत 'रिया' म्हणजे दिखाऊपणा, ढोंग, आणि रियाकार म्हणजे ढोंगी. उर्दू जाणणाऱ्या घरात हे नाव ठेवताना लोक थबकतात ते याचसाठी.

तनिष्का: यातला 'निष्क' अस्सल वैदिक आहे. गळ्यातला सोन्याचा दागिना, पुढे सोन्याचं नाणं. पण आख्खा शब्द दागिन्यांच्या व्यापारासाठी घडवलेल्या नावाला 'आ' जोडून झालेला आहे. 'सुवर्णदेवी' हा अर्थ यादीवाल्यांची भर.

अल्पप्राण

पडताळणीचा क्रम सांगतो. आधी कोश उघडू नका, आधी भाषा ठरवा. त्यासाठी नाव पूर्ण आहे की तोडलेलं, हे बघावं लागतं. रीटा, ग्रेटा, मेगन, मार्गो ही चार वेगळी नावं वाटतात. चारही मार्गारेटचे तुकडे आहेत आणि ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ मोती. म्हणजे ही सगळी आपली मुक्ता. इराणात तीच मरवारीद. पण रीटा संस्कृत समजून 'ऋता' लिहिलं की अर्थ सत्याकडे जातो, आणि मराठीत घाईघाईने 'रिता' लिहिलं तर भांडंच रिकामं.

रशियन नावांत ही तोडफोड फार. सोनिया हे सोफियाचं रूप (ग्रीक, शहाणपण), तान्या हे तातियानाचं, नताशा हे नतालियाचं, आणि नतालियाचं मूळ ख्रिस्तजन्माच्या दिवसाशी जोडलेल्या लॅटिन शब्दात. अनुष्का हे अॅनाचं लाडिक रूप. तिच्यापुढे याद्या 'कृपा' लिहितात ते योगायोगाने बरोबर येतं, कारण अॅनाचं मूळ हिब्रू 'हन्ना' आणि हन्ना म्हणजे कृपा. फक्त समोर 'संस्कृत' लिहिलेलं असतं ते चूक. वान्या आणि मीशा ही मात्र रशियात पुरुषांची घरगुती नावं आहेत, इव्हान आणि मिखाईल यांची. निकिताही तिकडे पुरुष: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांचं नाव निकिताच होतं. ग्रीक 'निके' म्हणजे विजय, त्यावरून विजेता. (मीशा लिहिताना पहिली वेलांटी ऱ्हस्व पडली तर मराठीत काय होतं, हे सांगायला नको.)

दुसरी गोष्ट, लिपी बदलताना कोणतं अक्षर गळलं ते पाहा. झारा हे अरबी 'झहरा'चं आखडलेलं रूप मानलं जातं: फूल, किंवा लकाकणारी. मधला ह गेला आणि मराठीत ते थेट तळणीच्या कढईत पडलं, कारण आपल्या झाऱ्यातला झ नेमका तसाच दंततालव्य, म्हणजे जीभ दातांकडे नेऊन उच्चारायचा आहे. सारा हिब्रूत सरदारघराण्यातली स्त्री, राजकन्या. आपल्याकडे शेतसारा.

मग कोश. संस्कृतासाठी आपटे आणि मोनियर-विल्यम्स, दोन्ही जालावर फुकट शोधता येतात. मोनियर-विल्यम्समध्ये (१८९९ ची आवृत्ती) अर्थापुढे रोमन 'एल' हे अक्षर आणि टिंब असेल तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी नोंदवलाय, कुठल्या ग्रंथात वापरलेला सापडलेला नाही, असं समजायचं. याद्यांमधले भारदस्त अर्थ पुष्कळदा या 'एल'वाल्या नोंदींतून उचललेले असतात. फारसीसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश. अरबी नावांत आधी तीन व्यंजनांचा धातू शोधायचा, स्वर नंतर.

राईचा पर्वत

परक्या नावांवर एवढी चर्चा, पण यादीवाले आपल्या नावांचंही कमी नुकसान करत नाहीत. 'राही'पुढे सगळीकडे 'प्रवासी, वाटसरू' लिहिलेलं असतं. तो फारसीतून हिंदीत आलेला राही. तो पुल्लिंगी आहे, आणि त्याची वाट वेगळी. मराठीतली राही म्हणजे राधिका. प्राकृतात 'ध'चा 'ह' होतो आणि स्वरांमधला 'क' गळतो: राधिका, राहिआ, राही. विठोबाच्या आरतीत 'राही रखुमाबाई' असं जोडीने येतं, तिथे वाटसरूचा काय संबंध?

सईचं तसंच. सखीमधल्या 'ख'चा 'ह' झाला, सही, मग सई. शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव म्हणून आपल्याला ते ऐतिहासिक वाटतं, पण अर्थ साधा, मैत्रीण. जाई ही संस्कृत 'जाती'वरून आणि जुई 'यूथिके'वरून. दोन्ही नावांत मधलं व्यंजन झिजलंय. या नावांना संस्कृत कोशात शोधलं तर सापडणार नाहीत आणि मग यादीवाला जवळचा उच्चार पकडून काहीतरी ठोकून देतो. त्यांच्यासाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघावा.

तिठा

मृण्मयी की मृन्मयी? आणि अनुजा, ऋतुजा, पूजा यातला 'जा' एकच का?

कोशकीटक

पदाच्या शेवटी आलेल्या न् चा ण् होत नाही, म्हणून संस्कृत व्याकरणाने मृन्मयी. ऋग्वेदात (७.८९.१) वरुणाला उद्देशून 'मृन्मयं गृहम्' आहे, मातीचं घर. मराठीत मृण्मयी इतकं रुळलंय की आता ते चूक म्हणणं कज्जेदलालीच होईल. फक्त जन्मदाखला, शाळा आणि पासपोर्ट या तिन्ही ठिकाणी एकच रूप ठेवा.

'जा' म्हणजे जन्मलेली: गिरिजा, शैलजा, नीरजा, ऋतुजा. पूजेत तो प्रत्यय नाही, तिथे 'पूज्' हा धातूच आहे. अनुजा म्हणजे मागाहून जन्मलेली, धाकटी बहीण. थोरलीचं नाव अनुजा आणि पाठच्या बहिणीचं काहीतरी तिसरंच, अशी घरं बरीच आहेत! त्याने काही बिघडत नाही, पण अर्थ बघून नाव ठेवायचं असेल तर थोरलीसाठी अग्रजा.

पारंबी

यादीत कधीच न येणाऱ्या नावांचं काय? नकुसा, नकोशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींचा नाव बदलण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा या नावाची देशभर चर्चा झाली. पण हा प्रकार केवळ आपला नाही. तमिळमध्ये 'वेंडाम', नको. हरियाणात 'भतेरी', म्हणजे पुष्कळ झाल्या. तुर्कीत 'येतेर', पुरे. आणि जरा गोड शब्दांत 'सोनगुल', शेवटचा गुलाब. चिनीत 'झाओदी', धाकट्या भावाला बोलावून आणणारी. ही सगळी नावं मुलीला दिलेली असली तरी तिच्याबद्दल काही सांगत नाहीत, ती पुढच्या बाळाला उद्देशून आहेत.

धोंडू, भिकू, केरू यांच्याशी यांची गल्लत करू नये. तिथे मूल हवंच असतं. आधीची मुलं दगावलेली असतात, म्हणून नजर लागू नये यासाठी मुद्दाम हलकं नाव ठेवतात. धोंडी, भिकी अशी मुलींची नावंही त्यातलीच. दोन्हींचा कोशातला अर्थ सारखाच कमी लेखणारा, हेतू मात्र उलटा.

अल्पप्राण

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण गोव्यातलं. पोर्तुगीजमध्ये 'दोरेस' म्हणजे वेदना, 'पियेदाद' म्हणजे करुणा, 'कोन्सेसांव' म्हणजे गर्भधारणा, 'मिलाग्रिस' म्हणजे चमत्कार. सुटे शब्द घेतले तर आपल्या मुलीचं नाव 'वेदना' कोण ठेवेल? पण ती पूर्ण नावं नाहीत. 'मारिया दास दोरेस', दुःखांची मारिया, यातला पुढचा भाग गळून मागचा उरलाय. स्पॅनिश दोलोरेस तीच. सगळी मारियेचीच बिरुदं. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली मारिया, तर हिंदू भाविकही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, तेव्हा तिथे त्या नावाचा अर्थ सांगायला पोर्तुगीज कोश पुरा पडत नाही.

मुग्धाचंही थोडं असंच. 'मुह्' धातू, म्हणजे भांबावणे. मूढ आणि मोह त्याच घरातले. मुग्धचा जुना अर्थ गोंधळलेला, भोळा. पुढे भोळेपणातला गोडवा वर आला आणि नायिकांच्या वर्गीकरणात मुग्धा, मध्या, प्रगल्भा अशी पायरी ठरली. नाव आलं ते तिथून, मूढपणातून नव्हे.

राईचा पर्वत

अर्थावरून नाव शोधणाऱ्यांसाठी एक भर: एकाच नक्षत्रपुंजाची तीन नावं आपल्या आसपासच आहेत. कृत्तिका संस्कृत, सुरैया अरबी, परवीन फारसी. तिन्ही आकाशातला तोच झुबका. यादीत सुरैयापुढे 'सुंदर तारा' लिहितात, पण एक तारा नाही, पुंज आहे.

तिठा

अर्थांचं बरंचसं उलगडलं. परदेशात राहणाऱ्या घरांसाठी उच्चाराची काय काळजी घ्यावी?

कोशकीटक

रोमन 'जे' सगळ्यात दगाबाज. जर्मनीत त्याचा य होतो, स्पॅनिशमध्ये ह किंवा ख सारखा. म्हणजे अनुजा तिकडे अनुया किंवा अनुहा. 'व्ही'ने लिहिलेल्या वैदेहीला जर्मन माणूस आधी 'फ'ने हाक मारण्याची शक्यता असते, तिथे आपला व 'डब्ल्यू'ने लिहिला तर बरोबर वाचला जातो. पण तेच स्पेलिंग इंग्लंड-अमेरिकेत ओठांचा चंबू करून म्हणतात. ऋ आपण 'रु' म्हणतो आणि 'आर-यू' लिहितो, हिंदीवाले 'आर-आय'. ऋतुजा हिंदी भागात वाढणार असेल तरी 'आर-यू' ठेवायला हरकत नाही, फक्त आधार आणि शाळेच्या दाखल्यात मधेच कोणी 'आय' करत नाही ना, ते अर्ज भरतानाच पाहून घ्या. दीर्घ 'ई'साठी दोन 'ई' की एक 'आय', हेही पहिल्याच कागदावर ठरवावं. नंतरची दुरुस्ती प्रत्येक खात्यात वेगळी करावी लागते.