थंड हातांची माणसं आणि ती बाटली

शंकेखोर: काल एकाने लिहिलं, "हात थंड असलेला माणूस मनानेही थंडच, आणि हात मिळवून झाल्यावर सॅनिटायझरची बाटली काढणारा तर उघड अपमान करतो." दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा. माझे हात बारा महिने गार. गारठ्यात बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. याला रेनो म्हणतात, १८६२ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बस्स. मुलाखतीला हात मिळवला तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "घाबरलात वाटतं?" तेव्हापासून आधी खिशात हात चोळून घेतो. यात मन कुठून आलं?

गाठीभेटी: तो "एक" मीच. रेनो काय सगळ्यांनाच असतो का हो? आणि बाटलीबद्दल सोयीस्कर गप्प बसलात. आजारी मित्राला भेटायला गेलो, हात हातात घेतला. मी उठायच्या आत त्याच्या मुलाने बापाच्या तळहातावर फवारा मारला. माझ्यादेखत!

वॉर्डवाली: बावीस वर्षं वॉर्डात काढलीत. मुलगा बरोबर होता. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. बऱ्याच डॉक्टरांना तेव्हाही अपमानच वाटला होता. फक्त उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. तिथे साबण आणि कोमट पाणीच.

ओले_हात: आलं कोमट पाणी! हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याने जंतू मरत नाहीत. गार पाण्यानेही तेवढेच निघतात, कामाला येतं ते साबण लावून वीस सेकंद चोळणं. आमच्या ऑफिसात गरम पाणी येईस्तोवर लोक नळ सोडून मोबाईल बघत उभे असतात.

वॉर्डवाली: बर्फगार पाण्यात वीस सेकंद हात धरून दाखवा, मग बोला.

ओले_हात: पळणारे गरम पाण्यातूनही पळतात. बोटांची टोकं भिजवली की झालं! अंगठा कोण धुतो, सांगा. वर हात न पुसताच दाराची कडी धरतात. ओल्या हातांनी जंतू जास्त पसरतात, बाईसाहेब.

वॉर्डवाली: मला शिकवू नका.

शंकेखोर: मंडळी, धागा माझ्या हातांचा होता.

ओले_हात: धागा काढला म्हणजे सातबारा नावावर होत नाही.

मूठभर: सरळ मुठीला मूठ लावा की. २०१४ मध्ये वेल्समधल्या एबरिस्टविथ विद्यापीठात मोजलंय, हस्तांदोलनाच्या जेमतेम दहावा हिस्सा जंतू जातात.

गाठीभेटी: वा! सांत्वनाला गेल्यावर मूठ लावू? तुम्ही सगळे मिळून ठरवूनच टाका, माणसाने माणसाला शिवायचं नाही.

वॉर्डवाली: कोण म्हणालं असं? शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजोबांचा हात मी पहाटेपर्यंत धरून बसले होते. हातमोजे न घालता. आधी हात धुतले होते, नंतरही धुतले.

गाठीभेटी: ...बरं. त्या पोराला मी निघताना जरा जास्तच बोललो. फोन करीन. माफी नाही, नुसता फोन. थंड हातांचं वाक्य मागे घेतो. बाटलीचं नाही.

शंकेखोर: उपकार झाले.

ओले_हात: आणि अंगठ्याचं काय ठरलं?