सापळे भरतायत, तरी हापूसमध्ये अळ्या. फळमाशी अंडी घालते कधी?

कातळसडा: राजापूर तालुक्यातली सव्वा हेक्टरची हापूस बाग आहे. एप्रिलच्या मध्यात फळमाशीचे सहा सापळे लावले, माश्या भरपूर पडतायत. आंबा काढताना डाग दिसत नाही, पण आढीत आठवडाभराने देठाकडची बाजू मऊ पडते आणि आत पांढऱ्या अळ्या निघतात. अंडी झाडावरच पडतात की आढीत? आणि फवारणीचा आता उपयोग होईल का?

बागराखण: अंडी झाडावरच पडतात. मादी पोटाच्या टोकाची सुईसारखी नळी सालीत खुपसून लगेच खाली अंड्यांचा पुंजका ठेवते. अंडं पांढरं, लांबट, जेमतेम १ मिमीचं. टोचल्याची खूण पहिल्या दिवशी जवळजवळ दिसत नाही, म्हणून काढणीला फळ स्वच्छ वाटतं. मेच्या उष्म्यात एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, अळी गर खात आठवडाभरात पूर्ण वाढते. तुमच्या आढीचे दिवस नेमके तेवढेच.

सापळ्याचं म्हणाल तर त्यातल्या वडीत मिथाईल युजेनॉल हे आमिष असतं, त्याला फक्त नर येतात. पकडलेल्या माश्यांत अंडी घालणारी एकही नसते. नर संपले तर माद्या फळत नाहीत, एवढाच त्याचा हिशोब. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या बागेतून फळलेल्या माद्या येतच राहतात. म्हणून सापळे काढणीच्या महिना-दीड महिना आधी लागायला हवेत आणि आजूबाजूच्या सगळ्या बागांत लागायला हवेत. सहा सापळे या क्षेत्राला कमी नाहीत, उशीर झालाय.

वडी कसली आहे तेही बघा. काकडी-कलिंगडाची क्यू-ल्यूर वडी आंब्याच्या माशीला चालत नाही.

चौदाआणे: फवारणीबद्दल: अंडी आणि अळी सालीच्या आत, तिथे वरचं औषध पोहोचत नाही. काढणी तोंडावर असताना फवारलंत तर फळावर अंश राहील, अळी तशीच. पैसे वाया घालवू नका.

खरी मेख खाली पडलेल्या आंब्यात आहे. पूर्ण वाढलेली अळी शरीर वाकवून फळाबाहेर उडी मारते आणि मातीत साधारण २ ते ५ सेंमी खाली कोषात जाते. कातळावर माती नसेल तर पाल्याखालीही चालतं. कोष तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढा. आठ-दहा दिवसांत माशी बाहेर येते. मग अंडी तयार व्हायला तिला प्रथिनयुक्त खाद्य लागतं, त्यात आठवडा ते दहा दिवस जातात. म्हणजे आज झाडाखाली सोडलेला आंबा महिन्याभरात पुन्हा तुमच्याच फळावर बसतो, आणि पाऊस जवळ आला की हे आणखी वाढतं.

त्यामुळे पडीचे आंबे रोज किंवा एक दिवसाआड गोळा करा. दोन फूट खोल पुरा, वर माती दाबून बसवा. नाहीतर जाड काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. उघड्या खतखड्ड्यात टाकू नका, तिथून सगळ्या माश्या सुखरूप निघतात. काढणी संपली की झाडाच्या विस्ताराखालची माती हलकी उकरा, कोष उघडे पडतात.

कातळसडा: मधेच पांढरट, आंबूस गर असलेलीही फळं आहेत. तीही माशीच का?

बागराखण: अळी नसेल, सालीवर टोचा नसेल आणि कोयीलगतचा गर स्पंजासारखा असेल तर तो साका, म्हणजे गरातला दोष. त्याला माशी जबाबदार नाही. खात्री हवी तर दहा संशयित फळं बादलीत कोरड्या वाळूवर ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा. आठ-दहा दिवसांनी वाळू चाळा. कोष मिळाले तर माशी.

चौदाआणे: झाडावर राहिलेली फळं चौदा आणे (सोळातले चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार होताच उतरवा, पिकायला थांबू नका. जितकी पक्व तितकी मादीला सोयीची. युरोपला जाणाऱ्या आंब्याला ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवतात ते याच अंड्या-अळ्यांसाठी. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला त्यामागे फळमाशीच होती. घरच्या घरी पातेल्यात हे करू नका. तापमान दोन-तीन अंशांनी वर गेलं तरी साल भाजते, खाली आलं तर अळी जगते.

पुढच्या हंगामात फळ अंड्याएवढं झालं की २५ × २० सेंमीच्या कागदी पिशव्या बांधा, निदान हाताला येणाऱ्या फांद्यांवर. देठाशी फट ठेवू नका, माशी तिथूनच आत शिरते.