मदत हवी आहे : फुकटच्या गेममध्ये मुलाला पैसे भरू द्यावेत का?

रिमझिम

नमस्कार मंडळी. आमचे चिरंजीव यंदा आठवीत. शाळा, क्लास, जेवण आटोपलं की रात्री तासभर मित्रांबरोबर मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळतो. गेम फुकट आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा त्याच गेमच्या उखाळ्यापाखाळ्यांत जाईल.

रविवारी त्याने आमच्यापुढे कागदावर लिहून प्रस्ताव ठेवला. दर सीझनला (गेमचा ठरावीक काळाचा हंगाम) एक पास घ्यायचा, साधारण चारशे रुपयांचा; तो घेतला की त्या सीझनची बक्षिसं मिळवता येतात. निम्मे पैसे तो स्वतःच्या खाऊच्या पैशांतून देणार, बदल्यात वाढदिवसाला वेगळी भेट मागणार नाही. आजवर त्याने न विचारता एक रुपयाही खर्च केलेला नाही, त्यामुळे फटकन नाही म्हणायला जीभ रेटत नाही. नवऱ्याचं म्हणणं, जी वस्तू हातात येत नाही तिला पैसे नाहीत. सासरे म्हणतात, आज पास घेईल, उद्या स्पिन, म्हणजे पैसे देऊन फिरवायचं नशिबाचं चाक. आणि मुलगा शपथेवर सांगतोय की पास आणि स्पिन या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

मला आधी हे समजून घ्यायचंय. गेम फुकट, खेळणारे कोट्यवधी, मग कंपनीचं भागतं कसं? पैसे नेमकं कोण देतं? पास आणि स्पिनमध्ये खरंच फरक आहे का? आणि हो म्हटलंच, तर माझं यूपीआय त्याच्या फोनला न जोडता पैसे कसे द्यायचे?

त्याच्याबरोबर बसून दुकान उघडून पाहिलं. रुपयांचे डायमंड (गेममधलं चलन), डायमंडवर बोनस, आणि हवी ती वस्तू नेमकी आपल्या पाकिटातल्या डायमंडपेक्षा थोडी महाग. मी पतसंस्थेत रोज व्याजाचे तक्ते करते, तरी कोणती स्किन (गेममधल्या पात्राचा पोशाख) किती रुपयांना पडते ते चटकन सांगता येईना.

कट्टर_कोल्हापुरी

डिलीट करा आणि मैदानावर पाठवा. विषय संपला.

फणसगरे

चारशे रुपयांसाठी धागा? मल्टिप्लेक्सला चौघं गेलात तर पॉपकॉर्नलाच त्याहून जास्त जातात. घेऊ द्या की पोराला.

रिमझिम

@कट्टर_कोल्हापुरी, संध्याकाळी मैदानावरच असतो तो. तिथून आल्यावर तीच मुलं गेममध्ये भेटतात.
@फणसगरे, रक्कम परवडते. पॉपकॉर्नवाला मात्र दुसऱ्या दिवशी 'तुझी बादली अर्धी रिकामी आहे' असा मेसेज पाठवत नाही. यांचे दिवसाला चार येतात.

बगपकड्या

रिमझिमताई, पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

फुकट गेम खेळणाऱ्यांतले बहुसंख्य लोक कधीच दमडी देत नाहीत. कंपनीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. देणाऱ्यांतलेही बरेच जण अधूनमधून शे-दोनशे देतात, आणि मूठभर मंडळी हजारो, कधी लाखो रुपये ओततात. धंद्यात त्यांना 'व्हेल' म्हणतात (तोंडावर अर्थातच नाही). पैशाचा मोठा ओघ तिथून येतो. मग बाकीचे कशाला हवेत? एक तर रात्री अकराला बटण दाबल्यावर मिनिटभरात शंभर जणांचा सामना जमायला हवा. दुसरं म्हणजे महागडा पोशाख घालून उतरणाऱ्याला तो बघणारं कुणी लागतं. म्हणजे तुमचा मुलगा एक पैसा न देताही कंपनीच्या उपयोगाचा आहेच.

जाहिरातींचा मार्ग वेगळा. आपल्या नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंग घ्या. तिथे जाहिराती दिसतात, शिवाय कॉइन विकत मिळतात. तिथे माणशी कमाई चिल्लर असते, पण माणसं अफाट.

आता डायमंडचं. रुपया एकदा डायमंड झाला की तो रुपया वाटत नाही, हा पहिला फायदा. दुसरा फायदा पाकिटांच्या आकारात आहे. गेन्शिन इम्पॅक्ट या गेमचं उदाहरण उघड आहे म्हणून देतो: तिथे सोडतीची एक खेप त्यांच्या चलनात १६० ची आणि सर्वांत लहान पाकीट ६० चं. तीन पाकिटं घेतली की २० उरतात. त्या उरलेल्या २० चं काहीच येत नाही, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुन्हा दुकानात येतो. तुम्हाला हिशेब जमला नाही, कारण तो चटकन जमू नये अशीच ती मांडणी असते.

पास आणि स्पिन. इथे चिरंजीवांची बाजू बरोबर आहे. पासमध्ये काय मिळणार ते आधी दिसतं आणि किंमत ठरलेली असते. स्पिन, क्रेट, लकी ड्रॉ, नाव काहीही असो, तिथे तुम्ही संधी विकत घेता. एखाद्या स्किनची शक्यता १ टक्का लिहिली असेल तर लोकांना वाटतं शंभर स्पिनमध्ये ती मिळणारच. गणित मांडा: शंभर स्पिन मारणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे सदतीस जणांना ती मिळालेलीच नसते. गेन्शिनमध्ये पाच तारेवाल्या पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. नव्वदाव्या खेपेला एक नक्की मिळतं, पण तेही तुम्हाला हवं तेच असेल असं नाही.

हे आकडे दाखवणं चीनने २०१७ मध्ये सक्तीचं केलं. त्याच वर्षाअखेरीस ॲपलने तसा नियम केला, गूगलने २०१९ मध्ये. त्यामुळे स्पिनच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बारीकसं चिन्ह असतं, ते दाबलं की टक्केवारी उघडते. मुलाला उघडून दाखवायला सांगा. छापलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य असंही समजू नका. दक्षिण कोरियात मेपलस्टोरी या गेममधल्या शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्या म्हणून नेक्सॉन कंपनीला जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ११६० कोटी वॉन दंड झाला.

सासऱ्यांची भीती मात्र अगदीच अनाठायी नाही. 'पहिल्या खरेदीवर दुप्पट डायमंड' ही जाहिरात पाहिली असेल. ज्याने एकदा पैसे दिले तो पुन्हा देण्याची शक्यता कितीतरी वाढते, म्हणून पहिला उंबरठा मुद्दाम बुटका ठेवतात. पास घेतल्यावर त्याच दुकानात जाणं-येणं सुरू होतं आणि स्पिनचं चाक शेजारच्याच टॅबवर फिरत असतं.

आणि पासची दुसरी किंमत कुणी सांगत नाही. पैसे भरून बक्षिसं मिळत नाहीत, ती मिळवण्याची परवानगी मिळते. रोजच्या मिशन (गेमने नेमून दिलेली कामं) पुऱ्या करायच्या, लेव्हल चढवायची, सीझन संपायच्या आत. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे 'आज नाही खेळलो तर बुडाले' असं वाटतं. तासाभराचे दोन तास होतात ते इथे. मी तुमच्या जागी असतो तर चारशे रुपयांपेक्षा याची जास्त चौकशी केली असती.

सुगरणीचा_खोपा

कँडी क्रशवाल्या माझ्यासारख्या बायकांचाही प्रतिनिधी हवा ना धाग्यात! पाच जीव, एक जीव परत यायला अर्धा तास. एक चाल कमी पडते तेव्हाच ज्यादा पाच चाली विकायला येतात. मी फोन ठेवते आणि कुकर लावते. तोवर जीव भरतात.

जीजी_दादूस

काकू, मी बारावीत आहे, दोन वर्षांपासून पास घेतो, पण सीझनच्या शेवटच्या आठवड्यात.

बहुतेक गेममध्ये पास नंतर घेतला तरी तोवर चढलेल्या सगळ्या लेव्हलची बक्षिसं एकदम मिळतात. म्हणून सीझनभर नेहमीसारखं खेळायचं, शेवटी पाहायचं आपण कुठवर पोचलो. तीस लेव्हल झाल्या असतील तर तीसपर्यंत काय आहे ते दिसतं. पटलं तर घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. स्किन सीझननंतरही राहते. तुमच्या गेममध्ये असं चालतं का, ते आधी पासच्या माहितीत बघून घ्या.

एक पॉइंट बाकी कुणी बोललं नाही. वर्गातल्या ग्रुपमध्ये ज्याच्याकडे साधे कपडे असतात त्याला 'बॉट' (माणूस नव्हे, संगणक चालवतो तो खेळाडू) म्हणतात. चिडवणं मजेतच असतं, पण रोज असतं. त्याला विचारा एकदा, पास नक्की कशासाठी हवाय.

आणि 'फ्री डायमंड' देणाऱ्या वेबसाइट, आयडी (गेममधलं खातं) विकतो म्हणणारे, कमी भावात टॉप-अप करून (डायमंड भरून) देणारा 'भाई', यांच्या नादी लागू नको म्हणावं. माझ्या मित्राचा आयडी गेला असाच.

बगपकड्या

+१ जीजी_दादूस. शेवटच्या आठवड्याची युक्ती आमच्या लोकांना आवडत नाही, एवढंच सांगतो.

काळाकोट

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवलेला नाही. ड्रीम ११ च्या पैशांच्या स्पर्धा त्यामुळेच थांबल्या. स्पिनमधून स्किन मिळते, रोख मिळत नाही, म्हणून असे गेम सुरू आहेत. बेल्जियमने मात्र २०१८ मध्येच पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा नशिबाच्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल असतो. १९०३ चा मोहोरी बिबी खटला कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण खातं, कार्ड, पिन पालकांचं असेल तर 'व्यवहार मुलाने केला' हे दाखवण्यातच दमछाक होते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. एका बटणाच्या चुकीच्या दाबाने खरेदी होईल अशी रचना, मुलांनी पालकांना न विचारता केलेली खरेदी, असे आरोप होते. तिथे मागे सरकारी यंत्रणा उभी होती. आपण आधीच कडी लावलेली बरी.

दोन_सिमवाला

कडी कशी लावायची ते सांगतो. अँड्रॉइड धरून चालतोय.

मुलाचं खातं फॅमिली लिंकमध्ये (गूगलचं पालकांसाठीचं ॲप) तुमच्या खात्याखाली घ्या आणि खरेदीला तुमची मंजुरी लागेल असं करा. गूगल प्लेच्या बिलिंगमधून होणारी खरेदी मग तुमच्या होकाराशिवाय पुढे जात नाही. पण खेळाडूचा आयडी टाकून ब्राउझरमधून टॉप-अप करणाऱ्या साइट यात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट ठरवायची सोय आहे, तिच्यावर विसंबू नका. ती फक्त इशारा देते, व्यवहार अडवत नाही.

यूपीआय किंवा कार्ड जोडायची गरजच नाही. गूगल प्लेचा रिडीम कोड (आधी पैसे भरून घ्यायचं कूपन) घ्या, ठरलेल्या रकमेचा. तेवढे संपले की संपले.

चुकून काही गेलंच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेवरून परताव्याची विनंती करा. नंतर गेमच्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. कुणी फसवलं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

फणसगरे

माझा पॉपकॉर्नचा मुद्दा मागे घेत नाही, पण शेवटच्या आठवड्याची आयडिया आवडली.

रिमझिम

सगळ्यांचे आभार. काल रात्री चिरंजीवांना घेऊन बसले. स्पिनची टक्केवारी उघडायला लावली. त्याला ते चिन्ह माहीत होतं, आकडे मात्र त्याने कधी वाचले नव्हते. ०.५ टक्के पाहून म्हणाला, "म्हणजे दोनशेत एक." मग शंभर स्पिनचं गणित वहीत करून पाहिलं. शंभरातल्या चाळीसच्या आसपास जणांना ती स्किन मिळाली असेल असा त्याचा अंदाज होता आणि उत्तर तसंच निघालं, त्यामुळे स्वारी खूश. स्पिनचा विषय तिथेच मिटला.

शेवटच्या आठवड्यात पास घेण्याची युक्ती त्याला आधीपासून ठाऊक होती! त्यांच्या गेममध्ये ती चालतेही. मग पहिल्याच दिवशी का हवाय, तर जीजी_दादूस म्हणाला तेच. चौघांच्या टीममध्ये तिघांकडे पास आहे आणि लॉबीत (सामना सुरू होण्याआधीच्या पडद्यावर) चौघं शेजारी शेजारी उभे दिसतात. बराच वेळ गप्प बसून मग सांगितलं त्याने हे.

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं: हा सीझन शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचं, खेळायचा वेळ आहे तेवढाच, मिशनसाठी वाढवून मागायचा नाही. पास घ्यायचा झाला तर निम्मे त्याचे, निम्मे आमचे. पुढच्या सीझनला पुन्हा बोलू. नवरा 'बघू' म्हणाला, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत होकार. सासऱ्यांना सदतीस टक्क्यांचं गणित फार आवडलंय, आल्यागेल्याला सांगताहेत.

@दोन_सिमवाला, एक शंका. पास ३९९ चा असेल आणि मी ५०० चा कोड घेतला, तर उरलेले पैसे परत मिळतात का?

दोन_सिमवाला

नाही, ते प्लेच्या शिलकीत पडून राहतात, आणि पडून राहिले की खर्च होतात. कोड ॲपमधून घ्या, बऱ्याच ठिकाणी रक्कम आपल्याला टाकता येते. ४०० टाका.