मदत हवी आहे: ॲनिमल क्रॉसिंग या व्हिडिओ गेममध्ये टर्निप (सलगम) धरून ठेवू की विकून टाकू?

मंडळी, ॲनिमल क्रॉसिंगचा न्यू होरायझन्स हा भाग खेळणाऱ्यांनी जरा हिशोब बघा ना. रविवारी गेममधल्या टर्निप विकणाऱ्या डेझी मे कडून एकेक ९८ बेल्सने (गेममधलं चलन) २००० टर्निप घेतले, म्हणजे १,९६,००० अडकलेत आणि पुढच्या रविवारी सगळा माल सडणार. गेममधल्या दुकानात ते विकायचा भाव रोज दोनदा बदलतो: सोमवार सकाळी ८४, दुपारनंतर ८०, मंगळवारी ७६ आणि ७२, आज बुधवारी सकाळी ६८, नुसता उतरतोय.

मागच्या आठवड्यात भाव शनिवारपर्यंत पडतच गेला होता, आणि गेमच्या कोडनुसार तसं झालं की पुढच्या आठवड्यात मोठी उसळी यायची शक्यता ४५ टक्के, छोटी उसळी २५ आणि परत पडतच राहायची फक्त ५. उरलेला वर-खाली होणारा पॅटर्न सोमवारच्या भावावरूनच बाद झाला. पण भाव चढायला लागायची शेवटची वेळ गुरुवार दुपार, मग रोज उसळी लांबतेय तसे हे टक्के नव्याने कसे काढायचे? मोठ्या उसळीत खरेदीच्या २ ते ६ पट मिळतात, तर सरासरी नफा किती धरू? की अर्धे आत्ताच विकून नुकसान आवरू? गेममध्ये प्रत्येकाच्या बेटावर भाव वेगळा असतो, तर कोणाच्या बेटावर १५० च्या वर भाव असेल तर प्लीज सांगा, लगेच येते.